संध्यानं न केलेली चूक

गारखेड्यातला अतुल साळवे वाळूजच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो. मापात न बसणारा भाग तो बाजूला काढतो, मग वरचा माणूस कितीही घाई करू दे. त्यानं चुकीच्या मालावर कधी शिक्का मारला नाही, असं त्याच्याबरोबरची माणसं सांगतात. घरात मात्र त्यानं एक खोटं जवळजवळ आठवडाभर सांभाळलं.

त्याची बायको संध्या ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. त्या मुलांना बोलायला शिकवणं, हे तिचं काम. मूल नवीन आलं की ती त्याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवते. तेव्हा तो नुसता घशातला हुंकार असतो. मग दर काही महिन्यांनी पुन्हा रेकॉर्ड करते आणि दोन्ही लागोपाठ ऐकून पुढं काय शिकवायचं ते ठरवते. एखादी आई 'काहीच फरक पडत नाय हो' म्हणून डोळे पुसायला लागली, की संध्या तिला पोराचा पहिला आवाज ऐकवते. हे सगळे आवाज घरच्या कॉम्प्युटरवर होते. त्यांची नक्कल एका वेगळ्या डिस्कवर असायची, आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवायची, हा संध्याचा नेम होता.

कारखान्यात नवीन येणारी पोरं कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढत. अतुलला वाटायचं, आपणही शिकावं, नाहीतर मागं पडू. पण त्याचं सॉफ्टवेअर महाग. बरोबरच्या एकानं फुकटातल्या सॉफ्टवेअरची लिंक पाठवली. दुपारची शिफ्ट होती, म्हणून सकाळी संध्या शाळेत गेल्यावर तो डाउनलोड करायला बसला. आधी अँटीव्हायरस बंद करा, अशी सूचना होती. तो जरा थबकला, आणि मग त्यानं बंद केला. कॉम्प्युटरवर जागा पुरेना, म्हणून कपाटातली डिस्क काढून जोडली. एवढं करून सॉफ्टवेअर काही चालू झालंच नाही. कंपनीच्या बसची वेळ झाली तसा तो सगळं तिथंच सोडून निघून गेला.

संध्याकाळी संध्या घरी आली. तिच्याकडं शिकणाऱ्या प्रेरणाच्या वडिलांनी कन्नड गावाहून पोरीच्या कानाच्या तपासणीचा रिपोर्ट ईमेलनं पाठवला होता. तो तिनं उघडून वाचला. नंतर रेकॉर्डिंग लावायला गेली, तर एकही उघडेना. फायलींची नावं बदललेली, आणि पडद्यावर इंग्रजीत मजकूर: तुमच्या फायलींना कुलूप लावलंय, किल्ली हवी असेल तर पैसे भरा. तिनं शाळेतले कॉम्प्युटर बघणाऱ्या मोनिकाला फोन लावला. मोनिकानं आधी इंटरनेट तोडायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी ती घरी आली.

"पैसे देऊ नका," सगळं तपासून ती म्हणाली. "दिले तरी किल्ली मिळंलच असं नाही. सायबर पोलिसांकडं तक्रार करा."

"डिस्कवरचं तरी वाचलंय का?" संध्यानं विचारलं.

"ती जोडलेलीच होती ना मॅडम. तीपण गेली."

संध्या डिस्ककडं बघत राहिली. "म्हणजे मी काढायची विसरले."

"आणि अँटीव्हायरस बंद दिसतोय. कुणी केला होता का?"

अतुल दारात उभा होता. "नाही," तो म्हणाला. "आपोआप झाला असंल."

"होतं तसं कधीकधी. व्हायरसच तो बंद करून टाकतो."

"काल मी एक रिपोर्ट उघडला होता," संध्या म्हणाली. "त्याच्यानंतरच झालं हे."

"त्यातूनही आला असंल," मोनिका म्हणाली.

मोनिका गेली की सांगू, असं अतुलनं मनाशी ठरवलं. ती गेल्यावर संध्या त्याच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "तुम्ही एवढ्या हौसेनं कॉम्प्युटर घेऊन दिला होता. मी वाट लावली त्याची."

"जाऊ दे," तो म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून इतका सहज निघाला, की नंतर त्याची त्यालाच किळस आली. त्यानं माफ केल्यासारखं झालं होतं. त्यानंतर सांगणं रोज जास्त अवघड होत गेलं. संध्यानं मुख्याध्यापिका करुणा मॅडमकडं जाऊन चूक कबूल केली. पालकांना फोन करून कळवलं. रामकिसनला, म्हणजे प्रेरणाच्या वडिलांना, तिनं सांगितलं की इथून पुढं रिपोर्ट ईमेलनं पाठवू नका, कागद घेऊन या. अतुल हे सगळं ऐकत जेवायचा.

शनिवारी रामकिसन एसटीनं आला. सोयाबीनची काढणी तशीच टाकून आला होता. हातात रिपोर्टाचा कागद होता. खुर्ची पुढं केली तरी तो बसेना.

"मॅडम, माझ्यामुळं झालं म्हणं. बाजारातल्या कॅफेवाल्याकडून पाठवला होता तो कागद. त्यात काय आसंल, मला नाय कळलं. समद्या लेकरांचं गेलं. लई वंगाळ झालं."

"तुमची काय चूक, दादा. मीच बघून उघडायला पाहिजे होतं."

रामकिसननं खिशातून मोबाइल काढला. "पोरीचा पैला आवाज तुम्ही मला धाडला व्हता. तेवढा हाय माझ्याकडं. तो द्यायला आलो."

त्यानं तो लावला. खोलीत प्रेरणाचा जुना हुंकार ऐकू आला. अतुल पुढं आला.

"दादा, तुमच्या कागदामुळं नाही झालं," तो म्हणाला. "मी केलंय." आणि लिंक, बंद केलेला अँटीव्हायरस, जोडलेली डिस्क, सगळं त्यानं सांगून टाकलं.

संध्यानं एवढंच विचारलं, "डिस्कपण तुम्हीच जोडली होती?"

"हो."

"मी आठवडाभर आठवतेय, कशी विसरले म्हणून."

ती आत गेली. चहा दोघांनाही आणला, पण स्वतः तिथं बसली नाही. निघताना रामकिसन जिन्यात अतुलला म्हणाला, "सांगितलं ते बरं केलं, साहेब. पण लवकर सांगायचं होतं. मला तिकडं झोप नव्हती."

सोमवारी अतुल करुणा मॅडमना भेटला. मग त्यानं एकेका पालकाला गाठायला सुरुवात केली. कुणाच्या मोबाइलवर संध्यानं कधी पाठवलेला आवाज अजून असंल, तर तो मागून घ्यायचा. दरवेळी आधी सांगायचं की चूक मॅडमची नव्हती, माझी होती. कुणी झापलं, कुणी चहा पाजला. बऱ्याच मुलांचे आवाज मिळाले, काहींचे नाही. प्रणयच्या आईचा जुना मोबाइल बिघडला होता.

"म्हणजे त्याचा पहिला आवाज गेला का आता?" तिनं फोनवर विचारलं.

"गेला."

"बरं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. हे 'बरं' अतुलला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

मोनिकानं कॉम्प्युटरमध्ये नवी हार्ड डिस्क टाकून सगळं पहिल्यापासून बसवलं. जुनी वेगळी ठेवलीय, कधीतरी या कुलपाची किल्ली कुणी शोधून काढली तर उपयोगी पडंल म्हणून. अपडेट आता वेळच्या वेळी होतात. नकला दोन असतात, एक घरात, न जोडलेली, आणि एक शाळेत करुणा मॅडमच्या खोलीत. संध्याच्या पासवर्डशिवाय अतुलला कॉम्प्युटरवर काहीच नवीन टाकता येत नाही. ही व्यवस्था त्यानं स्वतः मागून घेतली.

संध्या त्या गोष्टीवर नंतर एकदाच बोलली, सकाळी डबा भरताना.

"आवाज गेले ते मी सोसंन. पण मी चुकले चुकले म्हणत होते आणि तुम्ही समोर बसून ऐकत होता..."

उत्तर द्यायचा हक्क आपल्याला आहे असं अतुलला वाटलं नाही. तिनं डब्याचं झाकण लावलं, आणि तो तिची गाडी जिन्याखालून बाहेर काढून द्यायला खाली गेला.