ओट्याखालचं फडकं

ही गेल्यावर महिन्याभरात सुनेनं ओट्याखाली एक डबी ठेवली. पाणी गळलं की वाजते म्हणे. मी म्हटलं, "पाइप मी स्वतः बसवलाय. गळायचा नाही." दुसऱ्याच दिवशी डबी वाजली. गुडघे धरून वाकलो, तर पाइपच्या सांध्याला हिच्या जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं, भिजून चिंब.

सून म्हणाली, "आई रोज सकाळी पिळायच्या, अण्णा. म्हणायच्या, ह्यांना सांगू नकोस, ह्यांच्या हातचं काम आहे, जिवाला लागेल."

प्लंबर येईस्तोवर फडकं आता मी पिळतो. डबी वाजली तसा लगेच वाकलो खरा. पण ही रोज तिथं वाकायची, तेव्हा काय करतेस म्हणून एकदासुद्धा विचारलं नाही.