म्हसावदचा नीलम

शहाद्याच्या बाजारात भाईदास सोनाराचे नाव कोंदणकामासाठी घेतले जाई. अंगठी बोटाच्या मापाला आटवायची, म्हणजे लहान करायची, तर आधी खडा कोंदणातून उतरवायचा आणि मगच जोड तापवून झाळायचा, हे तो बापाकडून शिकला होता. १९५४च्या लग्नसराईत, कामाच्या रेट्यात, त्याने हा नेम एकदाच मोडला.

अंगठी लोणखेड्याच्या मगन गुजराची. तिच्यातला नीलम म्हसावदच्या सासऱ्याने, गोवालजींनी, लग्नात दिलेला. नीलम सर्वांनाच मानवत नाही, म्हणून मुलीबरोबर धाडण्यापूर्वी त्यांनी तो तीन रात्री स्वतःच्या उशाखाली ठेवून पारखला होता. भाईदासने खड्यासकट अंगठी तापवली, पाण्यात बुडवली आणि त्या निळ्या पोटातून केसाएवढी चीर गेली.

मगनची आई फुलवंताबाई अंगठी न्यायला आली.

"भाऊ, हाई काय व्हयनं?"

"माय, मन्हा हाते नही व्हयनं. खडाच धार्जिणा नही. ठेयेल जागे तडकना."

फुलवंताबाई अंगठी तिथेच टाकून गेली. त्याच पंधरवड्यात मगन बैलगाडीखाली सापडला, जन्माचा लंगडा झाला आणि भाईदासच्या वाक्याला फांद्या फुटल्या. खडा म्हणे कुण्या संस्थानिकाच्या तलवारीच्या मुठीतला; त्याने तीन घरे बुडवली; तळोद्याच्या एका बाईला त्यात साप दिसला होता. गिऱ्हाइके विचारीत, "भाईदासभाऊ, तूच तडकताना देखा ना?" तो मान डोलावी आणि फुंकणी तोंडाला लावी, तेवढ्यापुरते बोलणे टळे.

ज्या सुनेबरोबर खडा आला ती रंजनाबाई माहेरी पाठवली गेली. पंचांनी काडीमोड दिला, मगनचे दुसरे लग्न झाले. त्या लग्नाच्या पाटल्या भाईदासनेच घडवल्या. तेव्हा तरी बोलता आले असते. तो बोलला नाही, आणि पुढे पाटल्यांचे काम आले की त्याला ते न बोलणेच आठवे.

नऊ वर्षांनी तो म्हसावदला गेला. रंजनाबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. त्याने उभ्याउभ्याच सारे सांगितले.

"तवय कसाले नही सांगं?" तिने विचारले.

"मन्हं नाव जाई म्हनीसन, बहिन."

"नाव!" ती हसली. "मी लगनमा नवरीले हायद लावाले गऊ का बाया हायदनी वाटी सरकाडी लेतस. मन्हं नाव कोठे गयं?"

त्याने हात जोडले. "तुन्हा बाबाना पाय धरस. त्या कोठे शेतस?"

"मागली दिवायीले गयात. जाता जाता म्हनेत, मन्ही पोरना आंगे मीच हाऊ इखना खडा बांधा."

भाईदास ओट्याच्या पायरीवर बसला. माफी मागायचे शब्द त्याने वाटभर जुळवले होते. त्यातला एकही आता उपयोगाचा राहिला नव्हता. रंजनाबाईने शेंगांचे सूप बाजूला सारले आणि पदर सारखा केला.

"ऊठ. गल्लीमा चाल. दर घरले सांग, मन्हा देखता."

पहिल्या दोन घरी त्याने सांगितले. तिसऱ्या ओट्यावरच्या म्हातारीने सारे ऐकून घेतले आणि ती कळवळून म्हणाली, "कितला भला मानूस शे हाऊ! पोरना दोष सोताना डोकावर ली ऱ्हायना."

भाईदासने रंजनाबाईकडे पाहिले. तिने पुढच्या घराची कडी वाजवली.