हमाल उठून नाचतो

दोंडाईच्याच्या मिरची बाजारात व्यापारी रुपचंदनानांच्या काठीला कुणी हसत नसे. नाना आधी मारत, मग म्हणत, "हाई ले परसाद." पुना हमालाच्या पाठीवरून पोतं घसरलं आणि मिरची मातीत सांडली, तेव्हा नानांनी त्याचं कोपर मोडेपर्यंत काठी चालवली. तो हात पुन्हा सरळ झाला नाही. साक्ष द्यायला एक माईचा लाल पुढे आला नाही. सगळे मिरची चाळत राहिले.

पुनाचा धाकटा भाऊ हिलाल लग्नाच्या ऑर्केस्ट्रात नकला करायचा. नानांवर हात उचलायची त्याची छाती नव्हती, पण जीभ होती. टीव्हीवरच्या हास्य कार्यक्रमात त्याची निवड झाली, तेव्हा नानांना अख्ख्या महाराष्ट्रासमोर उघडं पाडायचं त्यानं ठरवलं. त्यानं बसवलेल्या नकलेत हमाल शेवटी पडूनच राहत होता. दिग्दर्शक म्हणाला, "शेवट जड होतोय. तो उठून नाचला तर?" हिलालनं मान डोलावली. तिथेच त्यानं माती खाल्ली.

काठी बसली, परसाद मिळाला, हमाल उठून नाचला आणि परीक्षक हसून हसून डोळे पुसू लागले. शाळेत पोरं एकमेकांना पट्टीनं परसाद देऊ लागली. नानांच्या माणसांनी हिलालला बाजारामागे नेऊन तुडवलं, दोन दात पाडले. पण मग नानांच्याच ध्यानात आलं, की लोक आपल्याला बघून पळत नाहीत, हसत जवळ येतात, सेल्फी मागतात. नाना नगराध्यक्षपदाला उभे राहिले आणि प्रचारात काठी मिरवू लागले. ज्यांच्या पाठीवर तिचे वळ होते, तेही टाळ्या वाजवत. असल्या लोकांना काय म्हणावं?

"मी तर नानानं तोंड काळं कराले गयथू, भाऊ," हिलाल म्हणाला.

पुनानं वाकडा हात मांडीवर घेतला. "मी कव्हय नाचनू रे, हिलाल?"

आपण कधी नाचलो, हा भावाचा प्रश्न हिलालच्या काळजात रुतला. शेवटच्या सभेत नानांनी नकलेसाठी बोलावलं, तेव्हा तो मुकाट्यानं गेला. या वेळी शेवट खरा करायचा होता. तो नानांच्या शेजारी उभा राहिला, माईक हातात घेतला आणि म्हणाला, "हाई नक्कल नही शे. मना भाऊना हात ह्याच मानूसनी मोडा."

मैदान खदखदून हसलं.

नाना मात्र हसले नाहीत. त्यांची काठी हिलालच्या गुडघ्यावर बसली आणि हाडाचा आवाज माईकमधून शेवटच्या रांगेपर्यंत गेला. दुसरा फटका तोंडावर बसला. उरलेल्या दातांतलं रक्त शर्टावर सांडलं, तो आडवा झाला. "हाई ले परसाद," नाना म्हणाले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"आखो एक, नाना," लोक ओरडत होते.

पुना गर्दी रेटत पुढे आला. "हासू नका. तो मरी जाई," तो ओरडत राहिला, पण एका हातानं किती माणसं बाजूला सारणार?

भावाचा आवाज ऐकून हिलाल मंचाच्या खांबाला धरून उठला. खांब सुटला. मोडलेला पाय टेकेना, म्हणून तोल सावरायला त्यानं दुसऱ्या पायावर दोन उड्या घेतल्या.

नाच सुरू झाला असं समजून लोकांनी शिट्ट्या वाजवल्या आणि टाळ्यांचा ठेका धरला.