गाऊन कोण राहिलं वं?

धानाच्या रोवण्यात, म्हणजे भाताच्या लावणीत, पायाच्या बोटांत जो चिखल बसतो ना, तो दिवाळीपर्यंत निघत नाही. कितीही घासा! किस्स्यांचंही तसंच. दिवसभर वाकून घरी आलं की कंबर बांधीतच, त्या धानाच्या वाफ्यातच, राहून गेलेली असते, पण किस्से मात्र सगळेच्या सगळे सोबत येतात आणि चुलीपाशी येऊन बसतात.

त्यात रोवणा हे काम मोठं गुंगीचं. वाकायचं, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, चिखलात खोचायचे, एक पाऊल मागं. परत वाकायचं. समोर पाणी, पाण्यात आभाळ, आणि आभाळात आपणच लावत चाललेली हिरवी रांग. पुढं जायचंच नाही, नुसतं मागं-मागं. हंगाम भरात आला की खाटेवर डोळे मिटले तरी खाट मागं सरकते आहे असं वाटतं. त्यामुळे आता जे सांगते त्यातलं काही स्वप्नात झालं असं तुम्हाला वाटलं, तर मी भांडायला येणार नाही. मलाही कधीकधी तसं वाटतं.

* * *

मी तुमसरची. लग्न होऊन करडीला आले तोवर धान फक्त पोत्यात पाहिलेलं! पहिल्याच वर्षी सासूबाईंनी रोवण्याला नेलं. आम्ही सगळ्या त्यांना आत्याबाई म्हणतो. गावातल्या रोवण्याच्या गाण्यांच्या त्या म्होरक्या. रांगेच्या टोकाला वाकून त्या ओढ काढत, म्हणजे पहिली ओळ उचलत, आणि बाकीच्या मागून म्हणत.

त्यांचं एक गाणं होतं. नदीपल्याडून भाऊ डोंग्यात बसून बहिणीला भेटायला येतो, असं. त्यात म्होरकीनं रांगेतल्या एकेकीचं नाव घालायचं, आणि जिचं नाव आलं तिनं एकटीनं उत्तर द्यायचं, अशी रीत. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आत्याबाईंनी ओढ काढली, "शालूच्या दारी डोंगा आला गं, पल्याडचा भाऊ भेटाले आला..."

शालू म्हणजे मी. सगळ्या माझ्या उत्तराची वाट पाहताहेत. मी पटकन उभी राहिले, कपाळावर हात धरून बांधीच्या चारी धुऱ्यांवरून, बांधांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कुठं आत्याबाई?"

रांगेतल्या निम्म्या बाया हसता हसता चिखलात बसल्या. त्या दिवशीच्या बांधीत मधे मधे टक्कल पडल्यासारखं राहिलं, ते माझ्यामुळे. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा माझंच नाव घेतलं आणि उत्तर हळूच कानात सांगितलं. माहेर सोडून आलेल्या पोरीला अशी हाक आली की काय होतं, ते मी काय सांगू? मी वाकूनच रडले. वाकलेलं असलं की बरं असतं, दिसत नाही कोणाला.

* * *

मग बऱ्याच वर्षांनी टीव्हीवर तो गाण्याचा खेळ सुरू झाला. तुम्हीही पाहिला असेल. रांगेनं माणसं उभी करतात, प्रत्येक जण तोंड हलवतो, पण गळा कधी त्याचा असतो, कधी भलत्याचाच. कोण खरंच गाऊ शकतं ते नुसतं पाहून ओळखायचं. रविवारी दुपारी जेवणं उरकली की आमची सगळी रांग आमच्या घरी टीव्हीसमोर.

यात सगळ्यात उत्साही बेबीताई. आमच्या घरामागेच राहते. अंदाज सांगायला पहिली आणि चुकायलाही पहिली. कोणाचे दात पाहून सांगेल, कोणाचे कानातले पाहून. एकदा एका दाढीवाल्याला पाहून छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, हा शंभर टक्के गायक, याच्या डोळ्यात दुःख हाये. त्यानं तोंड उघडलं तर आमची म्हैस गोठ्यातून ओरडली. बेबीताई म्हणे, पाहा, दुःख खरंच होतं!

आत्याबाईंना खेळ आवडायचा, पण त्याची पद्धत पटत नव्हती.

"तोंडं काय दाखवून राहिले? यायले वाकवा म्हणा, मंग समजते."

* * *

त्या दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई होती. मंडई म्हणजे पाहुणे, पाळणे, दुकानं आणि दुपारची दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य. रंजूच्या डोक्यात आलं की दंडारीच्या आधी आपण तोच खेळ स्टेजवर करू. रंजू म्हणजे शेजारची नवी सून, मोबाईल आणि हौस दोन्ही फुल चार्ज. ठरलं असं की एकीनं खरं गायचं, बाकीच्यांनी नुसती तोंडं हलवायची, आणि गावानं ओळखायचं. गाणार अर्थात आत्याबाई.

स्टेजवर चढलो. माईक लावला. आत्याबाईंनी तोंड उघडलं, आणि आवाजच निघेना! आत्याबाई माईकवाल्याला शांतपणे म्हणाल्या, "उभ्यानं नाई येत मले." मग काय, माईक खाली बांधला आणि आम्ही सगळ्या पदर पुढं ओढून रांगेनं वाकलो.

वाकल्याबरोबर गळा असा मोकळा झाला की पाळणेवालासुद्धा पाळणा थांबवून ऐकत राहिला. आम्हीही रंगलो. इतक्या रंगलो की पाय आपोआप चालू लागले. एक ओळ, एक पाऊल मागं. एक ओळ, एक पाऊल मागं. स्टेज काही बांधीएवढं मोठं नव्हतं. रोवण्याच्या वेगात बेबीताई सगळ्यात पुढं, म्हणजे सगळ्यात मागं! ती मागच्या मागं स्टेजखालच्या तणसाच्या, भाताच्या पेंढ्याच्या ढिगात गेली.

आत्याबाईंनी मान वर केली नाही. कडवं पुरं केलं आणि वाकूनच विचारलं, "बेबी, बांधी सरली काय वं?"

गाणं तर सुरूच राहिलं होतं. म्हणजे काही झालं तरी गाणारी बेबीताई नव्हती, हे पाळण्यातल्या लेकरालाही कळलं. तरी निकाल विचारल्यावर बेबीताईचे मालक उभे राहिले आणि खणखणीत म्हणाले, आमची बेबी गात होती! लोक म्हणाले, अहो, ती तर खाली पडली होती. मालक खाली बसत म्हणाले, "मले घरी जेवाचं हाये."

* * *

त्याच हिवाळ्यात आत्याबाईंना लकवा मारला.

पायांत बळ आलं हळूहळू, उजवा हात थोडा वळायला लागला, पण बोलणं गेलं. एकच शब्द उरला. "बापा." चहा पाहिजे, बापा. नको, बापा. पाऊस आला, बापा. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, समज पूर्ण आहे, शब्द सापडत नाहीत, त्यांना बोलतं करत राहा. आमचे हे रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून एकेक वस्तू दाखवायचे. पाण्याचा गडवा. बापा. दिवा. बापा. मग ते उठून गोठ्यात जायचे आणि बराच वेळ बैलाची पाठ खाजवत राहायचे.

मला काय वाटायचं सांगू? एवढी गाणी गेली त्याचं दुःख होतंच. पण खरं म्हणजे मला माझं नाव पाहिजे होतं. या घरात मला शालू म्हणून हाक मारणाऱ्या त्या एकट्याच. यांना मी "ऐकलं काय?" आहे, पोरांना आई आहे, गावाला पाटलाची सून आहे. त्या माझ्याकडे पाहायच्या, ओठ जुळवायच्या, कपाळाला आठी पडायची, मी पुढं सरकून बसायची. आणि यायचं, बापा. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हणायची, हो आत्याबाई, समजलं. काहीच समजलेलं नसायचं.

* * *

पण रविवार आम्ही सोडला नाही. उलट आता त्याला औषधाचा मान आला! आत्याबाईंना खुर्चीत मधोमध बसवायचं, आणि प्रत्येक गायकाला विचारायचं, हा खरा की खोटा? दोन शब्दांचा तर प्रश्न, एखादा तरी निघेल.

निघायचा एकच. आणि त्या एका शब्दावर आमच्यात भांडणं! बेबीताई म्हणे, आत्याबाईंनी माझ्या बाजूनं बापा म्हटलं. रंजू म्हणे, नाही, तो नकाराचा बापा होता, सूर खाली गेला होता. मग दोघी खुर्चीला धरून विचारणार, आत्याबाई, खरं सांगा, कोणाच्या बाजूनं? आत्याबाई दोघींकडे पाळीपाळीनं पाहणार आणि वैतागून म्हणणार, "बापा!"

तेवढा एक मात्र सगळ्यांना बरोबर समजायचा.

* * *

यंदाचा रोवणा मुका होता. म्होरकी नाही म्हणून ओढ कोणी काढेना. कोणी म्हटलं नाही तसं, पण कोणाचा जीवच होईना. नुसता चिखलाचा आवाज. पचक, पचक.

शेवटच्या दिवशी आत्याबाईंनी माझा पदर धरला आणि सोडेचनात. मग त्यांना बैलबंडीत बसवून आणलं, धुऱ्यावर मोहाच्या झाडाच्या सावलीत खुर्ची ठेवली आणि हातात छत्री दिली. दुपारनंतर बाकीची रांग मोठ्या बांधीत गेली. धुऱ्यालगतच्या लहानशा कोपऱ्यात आम्ही तिघीच राहिलो. बेबीताई, रंजू आणि मी.

जेवण झालेलं, वारा पडलेला. पाण्यात ढग इतके हळू चालले होते की ते चाललेत की आम्ही, कळत नव्हतं. मला तर वाकल्या वाकल्या डुलकी येत होती. तेव्हा बेबीताई म्हणाली, झोप येऊन राहिली बाई, चला, तो टीव्हीवाला खेळ खेळू. डोकं कोणीच वर करायचं नाही. जिला वाटेल तिनं गायचं, बाकीच्यांनी ओळखायचं.

बराच वेळ कोणी गायलं नाही. मी विसरूनही गेले खेळ.

मग कधीतरी गाणं सुरू झालं. बारीक, घोगरा आवाज, पाण्याखालून आल्यासारखा. सुरुवातीला शब्दच नव्हते, नुसती चाल. मला वाटलं, रंजू आहे, लाजून गाते आहे. मग शब्द आले. "बेबीच्या दारी डोंगा आला गं, पल्याडचा भाऊ भेटाले आला..."

बेबीताईनं वाकूनच उत्तर दिलं, "येऊ द्या माय, येऊ द्या, पाय धुवाले पाणी ठेवलं." आणि गाता गाताच अंदाज ठोकला की रंजू हाये!

एक पाऊल मागं. आवाज आता थोडा मोकळा झाला होता. "रंजूच्या दारी डोंगा आला गं..."

रंजूनं उत्तर दिलं. घाबरत, पण नीट दिलं. मग ती खुदकन हसली. बेबीताई म्हणाली, मंग पाटलाची सून हाये. आता राहिलंच कोण? आयुष्यात पहिल्यांदा तिचा अंदाज हिशेबानं बरोबर होता.

पण मी गात नव्हते.

माझ्या हातातले पऱ्हे हातातच राहिले. डोकं वर करायचं नाही हा नियम होता, आणि नियम नसता तरी मी केलं नसतं. मला भीती वाटत होती, मान उचलली की हे थांबेल आणि मी खाटेवर जागी होईन. पाण्यात ढग होता, ढगाच्या कडेला छत्रीचा काळा गोल होता. मी त्याच्याकडे पाहत राहिले.

"शालूच्या दारी डोंगा आला गं, पल्याडचा भाऊ भेटाले आला..."

माझं नाव. स्वच्छ, अख्खं.

मी उत्तर दिलं. सूर कुठं गेला देवाला ठाऊक, पण शेवटपर्यंत दिलं. पाय धुवायला पाणी ठेवलं म्हणाले आणि माझ्या नाकावरून ते पाणी टपटप बांधीत पडत होतं.

तिघींची नावं झाली. तिघींनी उत्तरं दिली. बांधीत चौथी कोणी नव्हती. बेबीताईचा हात चिखलात तसाच थांबला, पण मान तिनंही वर केली नाही. हळू आवाजात तिनं विचारलं, "मंग गाऊन कोण राहिलं वं?"

धुऱ्यावरून उत्तर आलं, "बापा!"