पाण्याखालच्या देवीचं आमंत्रण

आमच्या विहीणबाई, हौसाबाई, गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडत होते. सून, शुभांगी, फोनवर हळू आवाजात म्हणाली, "आई, आमची आई गेली." मी "आले" म्हटलं आणि तोंडातलं वाक्य पुरं करूनच उठले. सत्तरीनंतर अशा बातम्यांना दचकणं कमी होतं, एवढंच. त्याला आता महिना होऊन गेला. हौसाबाईंना हे कळलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, "मग गावली का जागा गाडीला?"

आमचं नातं विहिणींचं, म्हणजे टोमण्यांचा परवाना असलेलं. त्यांचं डोंगरातलं गाव वीजप्रकल्पाच्या धरणात गेलं, आणि त्याच धरणावर आमचे हे इंजिनिअर होते. लग्न होऊन मी धरणाच्या कॉलनीत राहायला गेले तेव्हा जेमतेम बावीस-तेवीसची होते आणि स्वतःला सगळ्या खोऱ्याची वहिनीसाहेब समजत होते. संक्रांतीला मी बुडणाऱ्या गावांतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. बरं, बोलावलं ते बोलावलं, वर भाषणही ठोकलं. "भगिनींनो, तुमच्या त्यागातून घरोघरी दिवे उजळणार आहेत!" अंगावर नारायणपेठी, केसांत गजरा आणि कपाळावर चढवलेला गॉगल... वाण म्हणून प्लास्टिकच्या साबणदाण्या. बायका भाषणभर गॉगलकडेच बघत होत्या, आणि मला वाटलं, काय तल्लीन झाल्यात! त्यांत नव्यानंच नांदायला आलेल्या हौसाबाईही होत्या हे मला कळलं ते पुष्कळ वर्षांनी, आमच्या अजयनं कॉलेजातल्या मैत्रिणीशी लग्न ठरवलं तेव्हा. बैठकीत मुलीच्या आईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, "गागल कुठं गेला वो?"

लग्नाला कुणाचीच हरकत नव्हती. अडलं ते पहिल्या पत्रिकेवर. पहिली पत्रिका आणि अक्षत गावदेवीला, वाघजाईला, ही त्यांची रीत. गाव उठलं तेव्हा मूर्ती वाजतगाजत नव्या वसाहतीत आणली होती. मी म्हटलं, मग प्रश्नच मिटला, गाडीनं सकाळी जाऊ, जेवायला परत. "मूर्ती आणली, ईनबाई. देवी जाग्यावरच हाय," हौसाबाई म्हणाल्या. दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की जुनं देऊळ काही दिवस उघडं पडतं. मग गावची माणसं तिथं जाऊन नारळ फोडतात, आणि वसाहतीतली लग्नं त्यानंतर लागतात. पण त्या वर्षी वीजघरातली यंत्रं दुरुस्तीला निघाली होती, त्यामुळे पाणी सुटतच नव्हतं. ज्येष्ठ लागला तरी देवळाचा कळस दिसेना. पुढे चातुर्मास, म्हणजे मुहूर्त बंद. हौसाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही लावा लगीन. माझी ना न्हाई. पर देवीला सांगितल्याबिगर मी मांडवात पाय ठेवनार न्हाई." शुभांगीचे वडील आधीच गेलेले. आईही नसेल तर मी उभीच राहणार नाही, असं तिनं अजयला सांगून टाकलं. लग्न मोडायला आलं होतं, आणि मी मात्र पन्नाशीतही तीच जुनी वहिनीसाहेब, अळूची भाजी की भरली वांगी यावर केटररशी हुज्जत घालत होते! वर यांना म्हणाले, "तुमचंच धरण ना? मग सांगा की पाणी सोडायला." हे हसले नाहीत. धरणाबद्दल हे घरात कधी बोलतच नसत.

दोन-तीन दिवसांनी यांनी पत्रिका, विडा आणि डबीत अक्षता घेतल्या, वसाहतीतून हौसाबाईंना घेतलं आणि गाडी थेट धरणावर नेली. मी मागच्या सीटवर. तिथं एका मासेमाराची होडी ठरवली. मध्यावर आल्यावर हे म्हणाले, "थांबवा. देऊळ इथं खाली आहे. मोजणी मीच केली होती, जोत्यावर खूणही मीच मारली."

"खूण मारली असंल," हौसाबाई म्हणाल्या. "नांदले मी. त्या सुळक्याच्या रेघंत, आनखी म्होरं."

दोघंही हटेनात. होडीवाल्यानं वल्ही वर घेतली आणि तंबाखू मळायला घेतली. शेवटी हौसाबाईच म्हणाल्या, "पावनं, निम्म्या अक्षता तुमच्या जागंवर, निम्म्या माझ्या. ती हाय तिथनं ऐकंल."

यांनी चपला काढल्या. देवाधर्माशी कधी संबंध नसलेला हा माणूस हात जोडून पाण्याला म्हणाला, "शुभांगीचं लग्न आहे. यायचं हं..." मग यांनी निम्म्या अक्षता पाण्यावर सोडल्या. पुढे सुळक्याच्या रेषेत हौसाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. "पोरीचं लगीन हाय, आई. पुन्यात, कोथरूडला. लगनाच्या हालचं नाव पत्रिकेत हाय. वर जिना चढायचाय, दमानं ये." पत्रिका पाण्यावर तरंगत राहिली. ती भिजून खाली जाईपर्यंत त्यांनी होडी हलवू दिली नाही.

हौसाबाई लग्नाला आल्या, मांडवभर मिरवल्या आणि अळूच्या भाजीला नावं ठेवून गेल्या.

पुढे दर थंडीत त्या आमच्याकडे राहायला येत. आल्या की पहिलं काम म्हणजे मागच्या खोलीतला पलंग आडवा करून घेणं. झोपताना देवीकडे पाय होता कामा नयेत. यांनी पहिल्याच वेळी दिशा बघून पलंग स्वतः फिरवून दिला; त्या जागेबद्दल दोघांचं एवढं एकच एकमत. पलंग आडवा झाला की कपाटाचं एक दार उघडत नसे. त्या परत गावी गेल्या की मी कुरकुरत तो सरळ करून घ्यायची. या वेळी राहून गेलं.

गेल्या आठवड्यात अजय म्हणाला, "आई, पलंग सरळ करू का आता? कपाट उघडत नाहीये."

"राहू दे," मी म्हटलं. "माझ्या चादरी अलीकडच्या दारात आहेत."

नाहीत. सगळ्या चादरी बंद दारामागेच आहेत. मी अलीकडून खांद्यापर्यंत हात घालते आणि चाचपडत एकेक ओढून काढते.