हळदीचा ड्रेस

मॅडमनी माझ्या पोरीची मान पुढे वाकवली आणि ड्रेसच्या गळ्यामागचं लेबल वाचलं.

भर दुकानात. संध्याकाळची वेळ, काउंटरला गिऱ्हाईकं उभी. पोरगी बरण्या पुसत होती. वरच्या फ्लॅटमधल्या या मॅडम आल्या त्या थेट तिच्या मागे, आणि दोन बोटांनी गळा उलटा केला. पोरगी दचकली, पण हलली नाही. मोठ्या माणसाचा हात झटकायचा नाही, हे मीच तिला शिकवलं होतं.

"हा कुठून घेतला?"

"मामाने दिला."

"असं? कारण माझं पार्सल परवा तुमच्याकडे दिल्याचं ॲपवर दिसतंय. त्यात याच रंगाचा कुर्ता होता. आणि तुझे पप्पा म्हणतात, आलंच नाही."

चोर म्हणाल्या नाहीत. शिकलेली माणसं तो शब्द तोंडातून काढत नाहीत. तो आपला आपण समजून घ्यायचा असतो.

आमचं दुकान कामोठ्यात. ज्या बिल्डिंगखाली ते आहे, तिथे माझ्या सासऱ्यांची भाताची खाचरं होती. जमीन गेली, भरपाईतून हा एक गाळा उरला. सुरुवातीला बरं चाललं. पनवेलच्या बाजारातून टेम्पो भरून माल यायचा आणि बघता बघता संपायचा. मग वरच्या मजल्यांवरची माणसं फोनवर सामान मागवायला लागली. गावठाणातली जुनी गिऱ्हाईकं तेलाच्या पिशवीवरून पुडीवर आली. महागाई वाढली, पगार तिथेच. वरचे दुकानात येईनात आणि खालच्यांना घेणं परवडेना. मधल्या मधे आम्ही. मालक, म्हणजे पोरीचे पप्पा, कंत्राटी बसवर ड्रायव्हर होते. कंत्राट संपलं आणि तेही गल्ल्यावर येऊन बसले.

वरची माणसं यायची ती फक्त पार्सल ठेवायला. ऑफिसला जाताना सांगायची, "काकी, माझं एक येईल हं, घेऊन ठेवा." आम्ही ठेवायचो. फुकट. मालकांचा हिशोब साधा होता. पार्सल न्यायला येईल तो माणूस दुधाची पिशवी तरी नेईल, निदान कोथिंबीर तरी. म्हणून डाळीतांदळाची एक अख्खी मांडणी आम्ही रिकामी केली आणि तिथे लोकांचे खोके रचले. जी कंपनी आमचा धंदा खाते, तिचंच सामान आम्ही लेकरासारखं जपत होतो. आमच्याइतकं वेडं कोण असेल?

आता त्या ड्रेसचं. आमच्यात हळदीला घरातल्या सगळ्या पोरी एकसारखे कपडे घालतात. ज्याच्या घरी लग्न, तो एकदम तागाच आणतो नाहीतर एकदम सगळे ड्रेस. उरणला माझ्या भावाच्या मुलाची हळद झाली, तेव्हा भावाने सगळ्या भाच्या-पुतण्यांना पिवळे ड्रेस घेतले होते. पोरीचा वर्षातला तोच एक नवा कपडा.

मॅडमनी विचारल्यावर मालक घाबरले. गिऱ्हाईक तुटायच्या भीतीने माणूस किती वाकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी मोबाइल काढला.

"मॅडम, हा हळदीचा फोटो बघा. आमच्याकडं सगल्या पोरी सारखंच घालतात. बघा, हाय का नाय?"

मॅडमनी मोबाइल हातात घेतला. बोटांनी फोटो मोठा केला. एकेका पोरीच्या ड्रेसवरून बोट फिरवलं. माझी पोर आरोपीसारखी उभी.

"ओके. सगळ्यांचे सेम आहेत. सो स्वीट," मॅडम म्हणाल्या. "मग माझं पार्सल गेलं कुठे?"

आणि गेल्या. पोरीकडे बघितलंसुद्धा नाही.

पोरगी आतल्या खोलीत गेली. जुना टी-शर्ट घालून बाहेर आली. रडली नव्हती. मला म्हणाली, "आई, फोटो नसता तर?"

जिवाचा नुसता संताप झाला. मालकांवर, मॅडमवर, स्वतःवर.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या मोबाइलवर मॅडमचा मेसेज आला. पार्सल मिळालं होतं. वॉचमनने चुकून दुसऱ्या विंगमध्ये ठेवलं होतं. सॉरी हं. खाली लगेच दुसरी ओळ, आज अजून एक येईल, ठेवून घ्या.

मालक म्हणाले, "चल, मिटलं एकदाचं."

"तुमचं मिटलं," मी म्हणाले.

दुपारी खोका आला. मी परत पाठवला. संध्याकाळी मॅडम तणतणत आल्या.

"अहो काकी, सॉरी म्हटलंय ना मी? एवढं काय मनाला लावून घेता?"

"मॅडम, लेबल तुमी भर दुकानात वाचलंत. सॉरी पन भर दुकानात बोला. माज्या पोरीला बोला. ही बघा, हितंच हाय."

पोरगी काउंटरमागे होती. मॅडमनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग मोबाइलकडे.

"मी मेसेज केलाय. आणि बिझनेस असा नसतो करायचा."

त्या वळल्या. मालक त्यांच्या मागे पायरीपर्यंत गेले. मी मालकांना हाक मारली नाही. मांडणीवरचे सगळे खोके उतरवले, दोन फेऱ्या करून बिल्डिंगच्या गेटवर वॉचमनसमोर ठेवले आणि सांगितलं, यापुढे इथेच.

बातमी बिल्डिंगभर झाली. आता वरून कुणी उतरत नाही. दूध उरतं, ते आम्हीच पितो. नाहीतर नासतं. मांडणी रिकामी आहे, कारण तिच्यावर ठेवायला माल आणायची ऐपत नाही. मालक दिवसभर त्या रिकाम्या फळ्यांकडे बघत बसतात आणि काल म्हणाले, "एका ड्रेसपायी तू दुकान घालवलंस." मी खूप रडले. ते खोटं बोलत नाहीत. दुकान बहुतेक जाईल. गाळा भाड्याने द्यावा लागेल आणि मी कुणाच्या तरी घरी पोळ्या लाटीन, कदाचित याच बिल्डिंगमध्ये.

तो ड्रेस पोरीने अजून अंगाला लावलेला नाही.

मोठ्या माणसाचा हात झटकायचा नाही, हे मी तिला शिकवलं होतं. ते मी परत घेतलं. तिला समोर बसवून सांगितलं, झटकायचा. हे कुठून आणलं, असं कुणी विचारलं तर फोटो दाखवायचा नाही, बिल दाखवायचं नाही. आणि मी असताना कुणी तिच्या गळ्याला हात घातला, तर तो मनगटाला धरून मी बाजूला करणार. दुकानातलं ते शेवटचं गिऱ्हाईक असलं तरी.