आधी दिसतं ते सांगा

आमच्या ताई म्हणजे माझ्या नणंद. शाळेत त्या भाषा शिकवतात, मी विज्ञान. शाळा एक, घर एक, जिना तेवढा वेगळा. त्यांनी लग्न केलं नाही. वरची खोली त्यांची, खाली मी आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे हे. यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर यांच्याकडे एकच उपाय असतो, नंबर तपासून घ्या.

ताईंच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या माहेरची छापलेली पत्रिका त्यांनी लाल शाईनं तपासून परत पाठवली होती. माझे वडील हबकलेच. एवढ्या शहाण्या माणसांत आपली फटकळ पोरगी टिकायची कशी, असं त्यांना वाटलं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला ताईंनी एका ऱ्हस्व-दीर्घापायी दुकानाची पाटी पुन्हा रंगवायला लावली. त्या लांबून येताना दिसल्या की तो अजून आत जातो.

नावांच्या बाबतीत तर विचारूच नका. "ते दे, हे ठेव, अमकं आण, ही आळशी माणसाची भाषा," असं त्या म्हणायच्या. मी घाईत "ते वरचं द्या जरा" म्हटलं की मी "झाकण" म्हणेपर्यंत त्या हाताची घडी घालून उभ्या. इकडे दूध उतू जाई, पण बाईंची घडी सुटत नसे. अशा वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. भांडायचो, दुपारी एकाच रिक्षातून घरी यायचो, पुन्हा भांडायचो. अशी आमची वर्षं गेली आणि तशी ती बरी गेली.

गेल्या वर्षी ताईंच्या निवृत्तीचं वर्ष आलं. त्याच वर्षी मुख्याध्यापिकांनी एक नवीन टूम काढली. गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे. दगड काढणं बंद झालं आणि मागे एक उंच कडा उघडा राहिला, त्यावर आडवे थर दिसतात, पिवळे, करडे, तांबूस. सरकारनं ती जागा वारसा म्हणून राखली, कठडा बांधला, पाटी लावली. आठवड्यातून एक दिवस विज्ञान आणि भाषा असा एकत्र तास तिथं घ्यायचा. प्रयोग जमला तर शिक्षण खात्याचे साहेब येऊन बघणार आणि प्रयोग चालवणारीला निवृत्तीनंतरही शाळेत ठेवून घेणार. ताईंना तेवढंच हवं होतं. "शाळा सुटली तर मी करू काय?" त्या मला म्हणाल्या. "तुझ्या डब्यांची झाकणं मोजू?"

मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुम्ही एकाच घरातल्या, बसून ठरवा. एकाच घरातल्या बायकांचं बसून काही ठरतं होय? पहिल्या तासाला मी मुलांना कड्यासमोर उभं केलं आणि सुरुवात केली. हा वालुकाश्म, वाळूचे थर दाबून झालेला. हा जीवाश्म, हा प्रस्तरभंग. लिहून घ्या. तोच ताई पुढे आल्या आणि मुलांना म्हणाल्या की पेन खाली ठेवा, नाव कुणी घ्यायचं नाही. आधी दिसतं ते सांगा, मग वाटतं ते, नाव सगळ्यात शेवटी.

मी आ वासून बघत राहिले. जन्मभर नावांसाठी आमचा जीव खाल्ला त्या या बाई! मला वाटलं, माझा तास हाणून पाडायचा बेत आहे. घरी आल्यावर मी चांगलं सुनावलं. परीक्षेत 'प्रस्तरभंग म्हणजे काय' विचारतात, 'तुला काय दिसतं' असं कुणी विचारत नाही. त्या भांडल्याच नाहीत. "बघू या ना," म्हणाल्या आणि वर गेल्या. ताई न भांडता वर गेल्या याचा मला काही अर्थच लागेना.

आणि बघितलं तर काय, पोरं लिहायला लागली! एकानं कड्यावरच्या लाटांच्या खुणांबद्दल लिहिलं की पाणी निघून गेलं पण त्याच्या सुरकुत्या इथेच राहिल्या. प्रस्तरभंगापाशी, म्हणजे थर तुटून एक बाजू खाली सरकलीय तिथं, आमच्या खारूनं लिहिलं की अर्धी भिंत एक पायरी उतरली आणि मग तिला पुढचं आठवेना. खारू म्हणजे सतत काहीतरी कुरतडत बसणारी पहिल्या बाकावरची पोरगी. हे नाव तिला ताईंनीच ठेवलं होतं. असल्या वाक्यांवर विज्ञानाचे गुण द्यायचे तरी कसे, मला कळेना. पण गंमत अशी की शेवटी मी नाव सांगितलं की ते एकालाही विसरत नव्हतं. माझीच पद्धत चुकीची होती की काय, अशी शंका मला यायला लागली आणि शंका मला मुळीच सोसत नाही.

मग हा खेळ घरीही सुरू झाला. एकदा ताई जिन्यावरून म्हणाल्या, "अगं, ते दे ना, ज्यानं चहा वेगळा होतो आणि पत्ती वर राहते." मी म्हटलं, घ्या, आता घरातही तास. यांना तर भलताच आनंद झाला. दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "ज्यात पाय घालून माणूस बाहेर पडतो ती वस्तू कुठं आहे?" मीही कमी नाही. "जिथं बघायला डोळे लागतात आणि डोळ्यांचं दुकान असून दिसत नाही तिथं," म्हटलं. आम्ही दोघं पोट धरून हसायचो. ताईही हसायच्या, जरा उशिरा. जेवताना कुणी कशाचं नाव घेतलं तर त्यानं भांडी घासायची, असा नियमच यांनी केला. ताईंवर भांडी घासायची पाळी कधी आलीच नाही. मला वाटलं, काय बाई आहे, या वयात एवढी तल्लख.

त्या दिवशी खाणीवर वारा होता. कठड्याचा एक खांब सैल झाला होता, पलीकडे खोल उतार. खारू शिंपल्याचा ठसा बघायला वाकली, वाकता वाकता तिनं त्याच खांबाला धरलं. मी लांब होते. ताई तिच्यापासून चार पावलांवर होत्या. त्यांनी हात पुढे केला, तोंड उघडलं, आणि आवाजच नाही. मग त्या ओरडल्या, "दोन वेण्यांची! मागे हो, दोन वेण्यांची!"

वर्गात दोन वेण्यांच्या मुली पुष्कळ. सगळ्या एकदम मागे सरकल्या, त्यात खारूही सरकली. खांब हलला आणि तसाच राहिला. पोरं खो खो हसायला लागली, बाई आता माणसांचंही वर्णन करतात म्हणून. मी ताईंकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या. त्या खारूकडे बघत होत्या, ओठ हलवत होत्या, आणि ओठांवर काही येत नव्हतं.

घरी आल्यावर मी वरच्या खोलीत गेले. एरवी मी तिथं विचारल्याशिवाय जात नाही. ताई पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, चपलाही काढल्या नव्हत्या. मी विचारलं की हा खेळ नव्हता ना? त्यांनी मान हलवली, नाही. मग हळूहळू सांगितलं. दोनेक वर्षं झाली. आधी माणसांची नावं गेली, मग भांड्यांची, मग काहीही, कधीही. वस्तू दिसते, तिचं काम कळतं, पण नाव जिभेवर येत नाही. खाणीवर पहिल्या दिवशी मी 'वालुकाश्म' म्हटलं आणि मुलं त्यांच्याकडे वळली, तेव्हा त्यांना साधा 'दगड' हा शब्दसुद्धा सापडत नव्हता. पाचावर धारण बसली, तेव्हा तोंडून निघालं, नाव कुणी घ्यायचं नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

"मी काहीही शोधून काढलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी लपत होते गं."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग आधी कुणाचा यावा हेच कळेना. आम्ही दोघं नवरा-बायको मूर्खासारखे जेवणाच्या टेबलावर हसत बसलो होतो. मी म्हटलं, उद्याच डॉक्टर. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. साहेब येऊन जाऊ देत, म्हणाल्या, मग तू म्हणशील तिथं येते. एवढा एक तास मला माझा घेऊ दे. त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. दुरुस्त्या सोडून त्यांनी मला काही दिलंही नव्हतं म्हणा. मी हो म्हटलं. यांना मात्र सांगितलं. हे एवढंच म्हणाले की पण मी तिचा नंबर तपासला होता, काहीच फरक नव्हता. इतक्या वर्षांत मला यांची एवढी दया कधी आली नव्हती.

मी आमची सोय लावली. कठडा दुरुस्त करून घेतला. हजेरी मी घेणार, मुलांना हाका मी मारणार, ताईंच्या डाव्या कोपराशी उभी राहून लागेल तो शब्द हळूच पुरवणार. हे करताना मी त्यांना सांभाळत होते की शाळेला फसवत होते, हे मला तेव्हाही कळत नव्हतं, आजही कळत नाही. मुख्याध्यापिका समोर आल्या की मी उगाच पाणी प्यायचे. आणि मधूनच मनात यायचं, तास तर खरोखर चांगला होतो, मुलं तर खरोखर शिकतात, मग यात खोटं नेमकं काय आहे?

साहेब आले, बरोबर दुसऱ्या शाळांचे शिक्षक आले. ताईंनी तास असा घेतला की मी कोपराशी उभी आहे हे मीच विसरले. एकही शब्द पुरवावा लागला नाही, कारण त्या दिवशी बोलत होती ती मुलंच. खारूनं तर साहेबांनाच विचारलं की तुम्हाला काय दिसतं, आणि त्यांनी लगेच नाव सांगितलं म्हणून तिनं त्यांना थांबवलं. साहेब मोकळेपणानं हसले. पुढच्या वर्षी आणखी शाळांमधून हे सुरू करायचं आणि ताईंनीच ते चालवायचं, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मुख्याध्यापिकांच्या चेहऱ्यावर तर दिवाच लागला.

मग साहेब म्हणाले, "आणि या तुमच्या सहकारी? त्यांची ओळख करून द्या की."

ताई माझ्याकडे वळल्या. मी त्यांचे डोळे बघितले आणि समजले. साऱ्या जगाची नावं पुरवायला उभी होते मी, आता सगळ्यांच्या देखत स्वतःचं नाव यांच्या कानात कसं घालू? सगळे वाट बघत होते. ताईंनी घसा साफ केला.

"आधी दिसतं ते सांगते," त्या म्हणाल्या. "ही उभी राहते तेव्हा उजव्या पायावर भार देते. बोटांना खडू असतो, तो पदराला पुसते. रागावली की आधी हिचं नाक लाल होतं, मग आवाज येतो. आता वाटतं ते. ही ओरडते तेव्हा मला भीती वाटत नाही. ही गप्प झाली की वाटते. सकाळी माझ्या दाराशी कुणीतरी चहा ठेवून, न बोलता खाली जातं. ते हीच करत असावी."

मुलं थांबतायत कशाला. "विज्ञानाच्या बाई!" सगळी एकदम ओरडली. टाळ्या झाल्या. साहेब शेजारच्या शिक्षकाला म्हणाले की बघा, पद्धत किती अंगात मुरली आहे. माझं नाक लाल झालं होतं, हे मला न बघता कळत होतं. मी मान खाली घातली.

मुलं रांगेत उभी राहिली, पाहुणे चहाकडे वळले. ताई माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"सगळं बरोबर सांगितलं ना?"

"अगदी बरोबर."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मुलांना कड्याकडे बघायला शिकवायच्या तशा, घाई न करता. मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "आता तू सांग. तू माझी कोण?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. देवा, चेष्टाच असू दे. पण त्या माझं मनगट सोडत नव्हत्या.

"तुमच्या भावाची बायको, ताई."

त्यांनी थोडा विचार केला. चेहरा हळूहळू मोकळा झाला, आणि शेजारणीला सांगावं तसं त्या मला म्हणाल्या, "चांगली मिळाली हो त्याला."